ऊब, पंखा आणि उडालेला फ्यूज

मोटारगाडीच्या इतिहासावरची पुस्तके चाळली तर इंजिन, गिअर, ब्रेक, टायर यांना एकेक प्रकरण मिळालेले दिसते. गाडीत बसणाऱ्याला ऊब कशी मिळू लागली, याची वासलात मात्र बहुधा दोनचार ओळींत लावलेली असते. त्या ओळींतही उष्णता कुठून आली एवढेच सांगितलेले असते; ती माणसापर्यंत पोचवली कोणी, हे कोणी विचारत नाही. पोचवणारा असतो एक लहानसा विजेचा पंखा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या पोटात, चालकाशेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या आसपास दडवलेला असतो. गॅरेजात त्याला ‘ब्लोअर’ म्हणतात. चालू आहे तोवर त्याची कोणाला आठवण होत नाही. बंद पडला की आपण ‘हीटर बिघडला’ किंवा ‘एसी गेला’ असे म्हणून मोकळे होतो. म्हणजे बंद पडल्यावरसुद्धा त्याला त्याच्या नावाने ओळखले जात नाही.

या पंख्याचा इतिहास सांगावा असे आम्हांला वाटले, त्याला कारण आहे. बंद पडलेली वस्तू पुन्हा चालू करणे आणि ती बंद का पडली हे शोधणे, ही दोन वेगळी कामे आहेत. हा फरक विसरला गेला की काय होते, याचा धडा या पंख्याने एकविसाव्या शतकात ब्रिटनमध्ये दिला. शंभराहून अधिक मोटारींना आगी लागल्या, दोन लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि अखेर संसदेच्या समितीला त्यात लक्ष घालावे लागले. त्या धड्यापर्यंत पोचण्यासाठी थोडे मागून यायला हवे.

पहिल्या मोटारी घोडागाडीच्या वारस होत्या आणि तिच्यासारख्याच उघड्या होत्या. उघड्या गाडीतली हवा तापवण्यात अर्थ नव्हता. तापवायचे ते माणसाला. म्हणून जाड कोट, मांडीवर घ्यायची कांबळी, आणि पायाशी ठेवायची पत्र्याची बंद शेगडी. हिच्यात कोळशाच्या विटा धुमसत ठेवत. ही शेगडी बग्गीतून जशीच्या तशी मोटारीत आली. थंडीचा प्रश्न हा प्रवाशाच्या कपड्यांचा प्रश्न मानला जात होता, यंत्राचा नव्हे.

येथे एका लोकप्रिय समजुतीची नोंद घेणे आवश्यक वाटते. मोटारीचा हीटर शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स या बाईंनी १८९३ साली शोधून काढला, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. बाईंचे पेटंट खरे आहे आणि त्यांचे श्रेयही खरे आहे. मात्र ज्या वर्षी ते पेटंट मिळाले, त्याच वर्षी ड्युरिया बंधूंची पेट्रोलवर चालणारी गाडी अमेरिकेत प्रथम रस्त्यावर धावत होती. त्या काळच्या अमेरिकन इंग्रजीत ‘कार’ म्हटले की रेल्वेचा डबा समजला जाई. विल्कॉक्सबाईंचा हीटर डब्यासाठी होता. पुढे शब्दाचा अर्थ बदलला आणि त्याच्याबरोबर इतिहासही बदलला. शब्द तोच राहून वस्तू बदलली की असे घोटाळे होतात. आपल्याकडच्या बखरी वाचणाऱ्यांना हे नवे नाही.

यंत्राने ऊब पुरवावी ही अपेक्षा निर्माण झाली ती गाडीला छप्पर आणि काचा आल्यावर. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात दिलेले आकडे येथे बोलके आहेत. अमेरिकेत १९१९ साली विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जेमतेम १० टक्के बंदिस्त होत्या. १९२७ साली हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. आठ वर्षांत मोटार ही उन्हाळी हौस न राहता बारमाही वाहन झाली. आता आत एक खोली होती, आणि खोली म्हटली की ती गरम करता येते.

उष्णतेची वाण तर कधीच नव्हती. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी थोडाच हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली बहुतेक ऊर्जा धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते. थंडीने कुडकुडणारा चालक एका धगधगत्या भट्टीच्या मागे दोन हातांवर बसलेला होता. प्रश्न होता तो भट्टीची धग लाकडी फळीच्या अलीकडे आणण्याचा. म्हणजे प्रश्न उष्णतेचा नव्हता, वाहतुकीचा होता. मोटारीच्या हीटरचा इतिहास हा या वाहतुकीचाच इतिहास आहे.

पहिला उपाय ओबडधोबड होता. धुराड्याच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचे आवरण घालायचे, नळी आणि पत्रा यांच्यामधून हवा जाऊ द्यायची, आणि फळीला भोक पाडून ती आत सोडायची. हवा ढकलण्याचे काम इंजिनाचा पंखा आणि गाडीचा वेग यांच्यावर सोपवलेले असे. फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीसाठी अशा जोडण्या सर्रास मिळत. स्वस्त, सोप्या, आणि दोन मोठे दोष असलेल्या. गाडी हळू चालली की ऊब मंदावे, म्हणजे बर्फात अडकून पडल्यावर, जेव्हा तिची सर्वाधिक गरज, तेव्हा ती सर्वांत कमी. दुसरा दोष जिवावरचा. धुराड्याला चीर पडली तर उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येई, आणि त्याला ना रंग ना वास.

यावर उतारा सापडला तो पाण्यात. इंजिन थंड राखणारे पाणी आधीच तापलेले असते. त्यातले थोडे वळवून डॅशबोर्डखाली बसवलेल्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायचे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस आणि चौथ्या दशकात अशा पेट्या अमेरिकेत दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. विषारी धुराचा धोका गेला. मात्र आता हवा आपोआप येईना. धुराड्याच्या झळा वेगाच्या जोरावर आत शिरत. पेटीतला रेडिएटर हा नुसताच गरम तुकडा, त्याच्यातून हवा ढकलायला कोणीतरी हवे. म्हणून पेटीत एक विजेची मोटर आणि तिच्यावर एक पंखा आला. आमच्या कथेचा नायक रंगभूमीवर येतो तो येथे. ऊब पहिल्यांदाच गाडीच्या वेगापासून स्वतंत्र झाली. गाडी उभी असतानाही इंजिन चालू असेल तर ती मिळू लागली.

त्या पेट्यांचे एक वैशिष्ट्य आज हेवा वाटावा असे होते. त्या डोळ्यांसमोर लटकत असत. मोटर बंद पडली तर चार बोल्ट काढून पेटी मांडीवर घ्यावी, कार्बन पाहावा, तेलाचा थेंब सोडावा, परत लावावी. दोष असा की ही पेटी गाडीतलीच हवा पुन्हापुन्हा तापवत राही. माणसांच्या श्वासातली वाफ बाहेर जाईना, ती थंड काचेवर बसे आणि काच धुरकट होई. अंग गरम, डोळे आंधळे, अशी स्थिती.

१९३८ साली अमेरिकेच्या नॅश कंपनीने निराळी मांडणी बाजारात आणली. नील्स एरिक वॉलबर्ग या तिच्या अभियंत्याचे नाव या कामाशी जोडलेले आहे. बाहेरची ताजी हवा काचेच्या पायथ्याशी असलेल्या झडपेतून घ्यायची, गाळणीतून न्यायची, तापवायची आणि पंख्याने आत लोटायची. आतला दाब बाहेरपेक्षा किंचित अधिक राही, त्यामुळे फटींतून गार वारा शिरत नसे. पुढच्याच वर्षी तापमान आपोआप राखणारी जोड देऊन तिला ‘वेदर आय’ हे नाव मिळाले. आज जगातल्या बहुतेक मोटारींत हीच मांडणी आहे. वाचकांनी यातला एक तपशील लक्षात ठेवावा. हवा काचेच्या पायथ्याशी घ्यायची म्हणजे ज्या ठिकाणी पाऊस, पाने आणि धूळ वाहत येऊन साचतात, तिथेच श्वास घ्यायचा. पंख्याच्या नशिबी ओल आली ती या निर्णयाबरोबर. निर्णय चुकीचा नव्हता. प्रत्येक चांगल्या निर्णयाच्या पोटात पुढच्या दुखण्याचे बी असते, त्यातला हा प्रकार.

पंख्यावाचून काय होते, हे पाहायचे तर फोक्सवॅगनची ‘बीटल’ पाहावी. तिचे इंजिन हवेने थंड होणारे; गरम पाणी नाही, पाण्याची पेटी नाही. इंजिनाला जोडलेला मोठा पंखाच धुराड्याभोवतालची तापलेली हवा लांबलचक पत्र्याच्या नळांतून पुढे ढकलत असे. इंजिन मंद तर ऊब मंद, आणि नळ गंजले तर ऊब रस्त्यावर. ब्रिटनमध्ये तर बराच काळ हीटर ही वेगळे पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. १९५९ साली आलेल्या ‘मिनी’च्या साध्या आवृत्तीत तो नव्हता. थंड देशातसुद्धा ऊब ही चैन समजली जात होती, हे आम्हांला लक्षणीय वाटते.

चैनीची गरज झाली ती कायद्याने, आणि कायद्याने ते करताना ऊब हा शब्द पुढे केला नाही. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत प्रवासी मोटारींसाठी जो सुरक्षा-नियम लागू झाला, तो समोरच्या काचेवरचे हिम आणि धुके हटवण्याविषयी होता. प्रवाशाला थंडी वाजते म्हणून नव्हे, तर चालकाला दिसले पाहिजे म्हणून गरम हवा काचेवर आली पाहिजे. त्या दिवसापासून ब्लोअर हा सुखसोयीचा भाग न राहता ब्रेक आणि दिव्यांच्या पंक्तीला जाऊन बसला. माळशेज किंवा आंबोलीचा घाट पावसात चढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे हीटरची गरज क्वचित. पण आतून धुरकटलेली काच आणि समोरून येणारा ट्रक अशा वेळी कोरडी हवा काचेवर फेकणारा तोच पंखा उपयोगी पडतो. एसी असो वा हीटर, पंखा एकच.

आता या पंख्याच्या पोटात शिरू. रचना साधी आहे. १२ व्होल्टवर चालणारी मोटर, तिच्या दांड्यावर पिंजऱ्यासारखे गोल पाते, आणि वेग कमीजास्त करण्याची सोय. ही सोयच सगळ्या कथेचे मर्म आहे. जुन्या, साध्या पद्धतीत मोटरच्या वाटेत रेझिस्टर म्हणजे रोधक तारेची वेटोळी घालतात. तीन वेटोळ्यांतून वीज गेली तर पंखा सर्वांत हळू, दोनमधून गेली तर थोडा जलद, एकातून गेली तर आणखी जलद. सर्वांत वरच्या वेगाला रेझिस्टर वाटेतून बाजूला होतो आणि वीज थेट मोटरला मिळते. हळू वेगाला वाचलेली ऊर्जा वाचत नाही. ती वेटोळ्यांत उष्णता होऊन जळते. म्हणून रेझिस्टर गार राहावा यासाठी त्याला पंख्याच्याच वाऱ्यात बसवतात.

म्हणजे ज्याला आवरायचे, त्याच्याच वाऱ्यावर रेझिस्टरने जगायचे. मोटर निरोगी असेल तर हा संसार वर्षानुवर्षे सुखाने चालतो. समजा ओल शिरून बेअरिंग गंजले आणि मोटर जड फिरू लागली. फिरती मोटर स्वतःच विजेला उलटा दाब देत असते आणि त्यामुळे प्रवाह मर्यादेत राहतो. फिरणे मंदावले की हा उलटा दाब घटतो आणि प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर रेझिस्टरमधली उष्णता चौपट होते. आणि नेमक्या त्याच वेळी वारा कमी झालेला असतो. तापवणारा वाढला, गार करणारा थकला. या दुष्टचक्राचा शेवट आगीत होऊ नये म्हणून रेझिस्टरवर एक थर्मल फ्यूज बसवतात. ठरावीक तापमानाला तो वितळतो आणि वाट तोडतो. त्याचे काम मरणे हेच आहे. तो मेला याचा अर्थ बिघाड झाला असा नव्हे. दुसरीकडे झालेला बिघाड त्याने अडवला, असा आहे.

एवढे समजले की निदानाची रीत आपोआप उलगडते. पंखा फक्त सर्वांत वरच्या वेगाला चालतो आणि बाकीच्या वेगांना मुका राहतो, तर मोटर जिवंत आहे, रेझिस्टर किंवा त्याचा फ्यूज गेला आहे. कारण वरचा वेग त्याला वगळून जातो. कोणत्याच वेगाला चालत नाही, तर आधी गाडीचा फ्यूज, मग रिले, मग बटण, मग अर्थिंग, आणि शेवटी मोटर. मोटरच्या सॉकेटवर १२ व्होल्ट पोचतात, अर्थिंगही ठीक आहे, तरी ती हलत नाही, तर दोष तिचाच. आवरणावर हलकी टिचकी मारली आणि पंखा सुरू झाला, तर कार्बन झिजले. कुईकुई आवाज येतो, तर बेअरिंग. खडखड येते, तर बहुधा पिंजऱ्यात वाळकी पाने. स्वयंचलित तापमानाच्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तिथे ‘फक्त वरच्या वेगाला चालतो’ ही खूण तशीच्या तशी लागू पडत नाही.

मोटर बदलणे हे त्या मानाने हाताचे काम आहे. बॅटरीची तार सोडवायची, कप्प्याखालचे आवरण काढायचे, सॉकेट सोडवायचे, बहुधा तीनचार स्क्रू, आणि मोटर पिंजऱ्यासह हातात येते. काही गाड्यांत मात्र ती अशी कोंबलेली असते की अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. नवी बसवण्यापूर्वी काही गोष्टी पाहणे हे चांगल्या मिस्त्रीचे लक्षण. जुनी बोटाने फिरवून पाहिली का? सॉकेट काळवंडले किंवा वितळले असेल तर तेही बदलले का? काचेच्या पायथ्याचा पन्हाळा पानांनी तुंबला आहे का आणि पाणी कुठून झिरपते? हवेची गाळणी शेवटची कधी बदलली? नवी मोटर किती प्रवाह ओढते? या प्रश्नांना दहा मिनिटे अधिक लागतात, आणि गिऱ्हाईक त्या दहा मिनिटांचे पैसे आनंदाने देत नाही. तंटा इथूनच सुरू होतो.

आता ब्रिटनकडे वळू. व्हॉक्सहॉल ही तेव्हा जनरल मोटर्सच्या मालकीची ब्रिटिश कंपनी. तिची ‘झाफिरा बी’ ही सात जणांची कौटुंबिक मोटार २००५ ते २०१४ या काळात विकली गेली. या मोटारींना डॅशबोर्डच्या भागातून आगी लागत असल्याच्या तक्रारी वाढू लागल्या. काही ठिकाणी मुलाबाळांना बाहेर काढून होते न होते तोच गाडी पेटली. मालकांनी फेसबुकवर एकत्र येऊन एकमेकांचे अनुभव पडताळून पाहिले, तेव्हा हे एकट्यादुकट्याचे दुर्दैव नाही हे त्यांच्या ध्यानात आले. २०१५ च्या अखेरीस कंपनीने सुमारे २ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. या होत्या एसी नसलेल्या किंवा हाताने चालवायच्या एसीच्या गाड्या, म्हणजे नेमक्या रेझिस्टर असलेल्या.

कारण काय सांगितले गेले? ब्लोअरच्या रेझिस्टरचा थर्मल फ्यूज अयोग्य रीतीने दुरुस्त केला गेला होता, असे. म्हणजे कोणीतरी उडालेल्या फ्यूजशी खेळ केला आणि आग लागली. यात काही तथ्य नव्हते असे नाही. फ्यूज उडाला की पंख्याचे खालचे वेग बंद पडतात. नवा रेझिस्टर घेण्यापेक्षा फ्यूज सांधणे स्वस्त. आणि तसे करणारे हात जगात सर्वत्र आहेत. परंतु मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. फ्यूज मुळात उडत का होते? सांधणाऱ्याने पहारेकरी मारला हे मान्य. पण पहारेकऱ्याने ज्याला अडवले, तो चोर कोण?

उत्तर लवकरच पुढे आले. पहिल्या मोहिमेत दुरुस्त होऊन परत गेलेल्या काही गाड्यांनाही आगी लागल्या. मे २०१६ मध्ये कंपनीने दुसरी मोहीम जाहीर केली, आणि या वेळी रेझिस्टरबरोबर ब्लोअरची मोटरही बदलायचे ठरले. ओल शिरून मोटर गंजते, जड फिरते, जास्त प्रवाह ओढते आणि रेझिस्टरला तापवते, हे ते उत्तर होते. मागे सांगितलेले दुष्टचक्र ते हेच. एप्रिल २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वाहतूकविषयक समितीने आपला अहवाल दिला. कंपनीने पूर्ण तपासाला फार उशिरा हात घातला, बोट दुरुस्तीकडे दाखवण्यात वेळ घालवला आणि मधल्या काळात लोकांना त्याच गाड्या चालवू दिल्या, असा त्याचा कठोर आशय होता.

अशी गोष्ट एकाच कंपनीची आहे असेही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत २००६ ते २०११ च्या ‘३ सिरीज’ गाड्या सुमारे पावणेसात लाखांच्या संख्येने परत बोलावल्या. तिथे वातानुकूलनाच्या हवेच्या नियंत्रणाशी जोडलेली वायरिंग आणि सॉकेट तापत होते. पंखा लहान, पण तो पूर्ण वेगात पंधरा-वीस अँपिअर प्रवाह सहज ओढतो. गाडीतल्या अनेक गाजलेल्या उपकरणांपेक्षा हा भार मोठा आहे, हे त्याच्या आकारावरून कळत नाही.

झाफिराच्या प्रकरणात आम्हांला महत्त्वाचे वाटते ते असे. ‘अयोग्य दुरुस्ती’ या दोन शब्दांत दोष अशा माणसावर जातो ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही आणि जो उत्तर द्यायला समोर येणार नाही. कोण्या गल्लीतल्या गॅरेजातला मिस्त्री, किंवा पैसे वाचवणारा मालक. मिस्त्री निर्दोष असतो असे आमचे म्हणणे नाही. आपल्याकडे या कृतीला एक सुटसुटीत नावच आहे : ‘डायरेक्ट करणे’. रिले गेला, डायरेक्ट केला. थर्मोस्टॅट गेला, डायरेक्ट केला. घरोघरीच्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार गुंडाळणारे हात आपल्याच घरातले होते, आणि दिवा लागला की त्या हातांचे कौतुकही आपणच करत होतो. गिऱ्हाइकाने ‘चालू करून द्या’ एवढेच मागितले, ‘का बंद पडले ते सांगा’ असे मागितलेच नाही, तर मिस्त्री काय देणार?

परंतु पहिल्या मोहिमेत कंपनीनेही याहून निराळे काय केले? तिने जुना रेझिस्टर काढून नवा बसवला. सुटा भाग अस्सल, हात प्रशिक्षित, नोंद व्यवस्थित. पण प्रश्न तोच विचारला जो गल्लीतल्या मिस्त्रीने विचारला होता, म्हणजे ‘काय बदलले की हे नीट होईल?’ फ्यूज का उडाला, हा प्रश्न दोघांनीही टाळला. एकाने अज्ञानाने किंवा घाईने टाळला. दुसऱ्यापाशी प्रयोगशाळा होती, आकडे होते, देशभरातल्या जळालेल्या गाड्या तपासायला हाताशी होत्या. दोघांची चूक एकाच जातीची असली तरी दोघांचा अपराध सारखा मानता येत नाही. ज्याला कारण शोधण्याची साधने उपलब्ध आहेत, त्याच्यावर ते शोधण्याची जबाबदारी अधिक.

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटावे. दंगल झाली की ठिणगी कोणी टाकली याचा शोध चटकन लागतो. दारू कोणी साठवून ठेवली होती, याला वेळ लागतो आणि तोवर लोकांचा रस संपतो. शेवटचा हात दिसतो, आधीची गंजलेली बेअरिंगे दिसत नाहीत.

पुढे काय? विजेवर चालणाऱ्या मोटारींत फुकटची भट्टी उरलेली नाही. ऊब आता बॅटरीतून काढावी लागते आणि तेवढे अंतर कमी कापले जाते. म्हणून अनेक गाड्यांत हीट पंप आला. शतकभर जिची कधी वाण नव्हती ती उष्णता महाग झाली. पंखा मात्र आहे तिथेच आहे. अनेक नव्या गाड्यांत त्याच्या मोटरमधून कार्बन गेला, रेझिस्टरची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली, आणि बिघाड सांगायला संगणक आला. संगणक कोणता भाग गेला हे सांगतो. तो भाग का गेला, हे विचारायला अजूनही माणूस लागतो, आणि त्याला त्यासाठी दहा मिनिटे द्यावी लागतात.

तेव्हा येत्या पावसाळ्यात कोणाच्या गाडीचा पंखा फक्त वरच्या वेगाला चालू लागला, तर ‘एवढा चालतोय ना, चालू दे’ असे म्हणू नये, आणि ‘डायरेक्ट करून टाका’ असे तर मुळीच म्हणू नये. फ्यूज उडाला आहे. त्याने आपले काम केले. उरलेले काम आपले आहे : मोटर काढून बोटाने फिरवून पाहावी, आणि पाणी कुठून येते ते शोधावे.